कोड्यातल्या शब्दांची वही

माझ्या कपाटात, औषधांच्या मुदतीच्या रजिस्टरशेजारी, निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात औषधं नाहीत. पहिल्या पानावर 'दोन घरांचे', पुढे 'तीन घरांचे', मग 'चार घरांचे' अशी शीर्षकं आहेत आणि त्यांच्याखाली शब्द: हय, वारू, पय, नीर, उदक, अनल, अनिल, लवण, तनया. शेवटच्या दोन पानांवर वेगळी यादी आहे, रकाने आखलेली. ती पुढे येईलच. घरचे विचारतात, ही वही अजून कशाला ठेवलीस? मी केलेली कुठलीच यादी फेकत नाही, हे एक उत्तर. दुसरं उत्तर म्हणजे भाऊ.

भाऊ आमच्याकडे एक्स-रे काढत. कुरखेड्याच्या पुढे, धानाच्या बांध्या संपतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल उभं राहतं, तिथल्या एका छोट्या रुग्णालयात आम्ही होतो. मी औषधांच्या खिडकीत आणि क्लार्कची जागा रिकामी असल्यामुळे आवक-जावकच्या टेबलावरही. समोरच्या खोलीत भाऊ. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम लाल बॉलपेन आणि डोक्यावर इतकं तेल की फिल्मला लागेल म्हणून डॉक्टर बोलायचे. तेव्हा फिल्म धुऊन वाळत टाकावी लागे. ती वाळेपर्यंत भाऊंना काम नसे. त्या वेळात ते पेपरातलं शब्दकोडं सोडवत.

नुसतं सोडवत नसत. आधी ते पेपर भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर, जिथे फिल्म लावून हाड बघतात तिथे लावत, त्यावर पातळ कागद धरत आणि काळी-पांढरी घरं छापून काढत. अशा दोन प्रती. एक सिस्टरला, एक मला. मूळ पेपर त्यांचा. अकराच्या चहाला आम्ही तिघं एक्स-रेच्या खोलीत बसायचो. सिस्टर ड्यूटीवर असली की क्लू मोठ्याने वाचायचा मान तिचा. तिचा आवाज वॉर्डभर जाई. ती नसली की भाऊ स्वतः वाचत.

मला तेव्हा कोडं मुळीच येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी अकरा शब्द भरले, त्यातले चार बरोबर. मला काम न येणं सहन होत नाही, म्हणून मी ही वही केली. अक्षरांच्या संख्येप्रमाणे, मग अर्थाप्रमाणे. भाऊंनी ती चाळून पाहिली आणि परत दिली.

"यादी मस्त आहे बाई. पन तुम्ही यांईले ओळखत नाई."

"ओळखायचं काय त्यात? घोडा म्हणजे हय. लिहिलंय ना."

"हय कवा येते अन वारू कवा येते, सांगा."

मी म्हटलं, दोन्हीला दोनच घरं, काहीही चालेल.

"नाई चालत. कोडं बनवनारा मानूस अडचनीत असते. त्याले शेवटची दोन घरं भराची असते अन खालून 'य' वर येऊन राह्यला असते. मंग तो हय आनते. त्याले घोड्याशी काही घेनं नाई. तुम्ही घोडा नोका पाहू. तो मानूस कुठी अडकला ते पाहा."

हे मला पटलं. दुकानात औषध नसलं की डॉक्टर त्याच गुणाचं दुसरं लिहून देतात, तसंच हे. त्या दिवसापासून मी क्लू वाचला की आधी घरं मोजायला आणि आडव्या-उभ्याची गाठ कुठे पडते ते बघायला लागले. महिनाभरात पेपरातले तेच ते दीडशे-दोनशे शब्द ओळखीचे झाले. गावात कोणी बोलत नाही, पुस्तकात फारसे येत नाहीत, पण कोड्यात रोज हजर. भाऊ त्यांना 'आपले भाडेकरू' म्हणत. "दुसरीकडं कोनी ठेवत नाई बिचाऱ्याईले," असं सांगत.

आणि बहुतेक दया येऊन, ते हे शब्द घरीदारी वापरत.

"सिस्टर, उदक आहे का?" म्हणजे पाणी. "अनल पेटवा," म्हणजे चहा ठेवा. त्यांची जुनी स्कूटर म्हणजे वारू, आणि वारू महिन्यातून दोनदा पंक्चर होई. पुण्याला नोकरी करणारी मुलगी सुट्टीला आली की, "तनया आली काल." त्यांची बायको एकदा डबा घेऊन आली होती, तेव्हा मी विचारलं, घरीही असंच बोलतात का? ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे असं या मानसाच्या तोंडून मी कधी आयकलं नाई. लवण कमी आहे म्हंते. मी म्हंतो, तुमच्या लवणाचा डबा कुठी आहे ते तुमीच शोधा."

पेशंटशी मात्र एक शब्द असा नाही. मोहफूल वेचताना बांधावरून घसरलेली म्हातारी असो की बैलाने पाडलेला माणूस, भाऊ हळू आवाजात, अगदी साधं बोलत. "मावशी, हात इथी ठेवा. दुखन थोडंसं. आता श्वास धरा. सोडा. झालं." मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दुखनाऱ्या मानसाले कोडं नाई घालाचं."

दुसऱ्यांदा त्यांचे भाडेकरू गायब झाले ते रस्त्यावर. तपासणी शिबिराहून आम्ही गाडीने परत येत होतो. ड्रायव्हरशेजारी भाऊ, मागे सिस्टर, मी आणि औषधांची खोकी. एका वळणावर भाऊ ओरडले, "वाघ." ड्रायव्हरने ब्रेक मारला. वाघ रस्ता ओलांडून गेला, सावकाश, आमच्याकडे न बघता. गाडी पुन्हा निघाली. मग ड्रायव्हर म्हणाला, "काऊन भाऊ, व्याघ्र काऊन नाई म्हनलं?"

"तेवढा टाईम नोहता," भाऊ म्हणाले.

पुढे कितीतरी महिने ड्रायव्हर त्यांना बघितलं की "व्याघ्र" म्हणून हाक मारायचा.

कोड्यावरून भांडणंही होत. एकदा क्लू आला: 'एक वृक्ष', दोन घरं, दोन्ही कोरी. सिस्टर म्हणाली साग. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला ऐन. मी मोह लिहिलं होतं. भाऊ बोटांवर मोजत गेले: साग, ऐन, मोह, बेल, वड, चारोळीचं चार, बोर. "हा पेपर शहरात बनते बाई. तिथी झाड एकच रायते, म्हनून क्लू सोपा वाटते त्याईले. इथी खिडकीतून पाहालं तर सात उत्तरं उभी आहे." उत्तर वड निघालं. ड्रायव्हर दोन दिवस मानायला तयार नव्हता.

आता ती शेवटची दोन पानं.

एका वर्षी, धानकापणीच्या सुमारास, भाऊ पेपरवाल्यांवर चिडायला लागले. शाई कमी टाकतात, कागद मळका वापरतात, अशी तक्रार रोज. मी लक्ष दिलं नाही. म्हातारपणी माणसं तक्रार करतात. मग त्यांची कोडी चुकायला लागली. पूर्वी महिन्यात एखादा शब्द चुके, आता दिवसाला तीन-चार. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या उत्तराशी ते आपलं कोडं पडताळत आणि पेपर घडी करून ठेवत.

त्याच सुमारास एक दिवस डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याच्या पाकिटातून फिल्म काढली, पेटीवर लावली आणि म्हणाले, "बाबा, तुमचा हात तर सात-आठ वर्षांचा आहे." म्हातारा हसला. आम्ही हसलो. डॉक्टर हसता हसता थांबले. ती फिल्म खरंच एका लहान मुलीच्या हाताची होती. दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती. मुलगी बाहेरच्या बाकावर बसलेली होती, लगेच दुरुस्ती झाली, कोणाचं काही बिघडलं नाही. पण भाऊंच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. ते पेटीसमोर उभे राहिले, दोन्ही फिल्म हातात घेऊन.

दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज.

"हे जिल्ह्याच्या साहेबाकडं पाठवून द्या बाई."

मी वाचला. "दोन वर्षं राहिलीत भाऊ तुमची. काय झालं?"

त्यांनी खुर्ची ओढली. बसले. बराच वेळ लाल पेनचं टोपण काढत-लावत राहिले.

"माझा मोठा भाऊ मूल गावाले रायते, तुमाले सांगितलं होतं मी. राईस मिलमदी मुनीम होता. हिशेब सारा तोंडी. त्यानं आधी शब्द सोडले. ताटाले 'ते' म्हने. बायकोले 'ती' म्हने. मंग मानसं सोडली. आता मले तो आमच्या बाबाच्या नावानं बलावते." त्यांनी टोपण लावलं. "मी रोज कोडं कायले सोडवतो, सांगू? मजा म्हनून नाई. तपासतो मी. रोज सकाळी मी पाहातो का सारे शब्द आहे का जाग्यावर. आता नाई राह्यले. आज पाकीट बदललं, उद्या एखाद्याचं चांगलं हाड मोडलं म्हनून पाठवीन."

त्या सगळ्या बोलण्यात त्यांचा एकही भाडेकरू नव्हता. मला रस्त्यावरचा वाघ आठवला.

माझ्या टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी नोंदवायचा, हा माझा नियम. तो मी त्या दिवशी मोडला. अर्ज खालच्या खणात ठेवला आणि भाऊंना सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत, पंधरा दिवस लागतील. मग मी माझ्या परीने जे करता येतं ते केलं. यादी.

उद्देश साधा होता. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं तर हातात काही लेखी हवं. 'विसरतात' एवढं सांगून कोणी काय तपासणार? म्हणून रोजचं कोडं संपलं की भाऊंचा पेपर मी घरी नेई, दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी जुळवून नोंद करी. रकाने असे: वार. एकूण शब्द. चुकलेले शब्द. चुकीच्या जागी काय लिहिलं. आणि शेवटचा रकाना, 'कोणी वाचलं'. तो काही विचार करून घातला नव्हता. औषधांच्या रजिस्टरमध्ये 'कोणी दिलं' असतंच, त्या सवयीने हात चालला.

बाराव्या दिवशी मी ती पानं डॉक्टरांपुढे ठेवली. आमचे डॉक्टर तरुण, बोलायला तिरकस, पण कागद नीट वाचणारे.

"कोड्याची यादी आणलीत मॅडम? गोळ्या संपल्या वाटतं."

मी अर्जाचं सांगितलं, मूलच्या भावाचं सांगितलं. त्यांनी तिरकस बोलणं बंद केलं आणि पानं पुढे ओढली. वरून खाली वाचत गेले. मग पेन घेऊन शेवटच्या रकान्यावर टिचक्या मारत परत वर गेले.

"हे वाचा जरा. फक्त पहिला आणि शेवटचा रकाना, आणि चुका किती ते."

मी वाचायला लागले. सोमवार, चूक नाही, सिस्टर. मंगळवार, चूक नाही, सिस्टर. बुधवार, चार, स्वतः. गुरुवार, पाच, स्वतः. शुक्रवार, चूक नाही, सिस्टर. शनिवार, तीन, स्वतः. माझा आवाज हळू झाला. यादी मी केली होती, रकाना मी आखला होता, आणि बारा दिवस मी फक्त चुका मोजत होते.

"सिस्टरने वाचून दाखवलं की हा माणूस एकही शब्द चुकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हे बघा. इथे तीन घरांत अनल लिहिलंय. चूक. पण अनल त्याच कोड्यात आहे, दोन नंबर पुढे. हाही तसाच. हाही. शब्द सगळे बरोबर आहेत मॅडम. क्लूपुढचे बारीक नंबर दिसत नाहीयेत त्यांना."

ते खणातला टॉर्च घेऊन उठले. मी मागे.

भाऊ डार्करूममधून नुकतेच बाहेर येत होते. मला तेव्हा कळलं, आमच्या कोणाच्याच लक्षात हे का आलं नाही. दिवसाचा अर्धा वेळ ते अंधारात बोटांनी काम करत. उरलेल्या वेळात मागून लख्ख उजेड असलेली, हातभर मोठी हाडं बघत. बारीक अक्षर त्यांच्यापुढे फक्त दोन ठिकाणी येई: पाकिटावरच्या चिठ्ठीत आणि कोड्यात. आणि ज्याचं कामच बघण्याचं, त्याच्या डोळ्यांवर संशय कोण घेणार?

"भाऊ, बसा इथे. माझ्या कानाकडे बघा," डॉक्टर म्हणाले आणि टॉर्च मारला. उजवा. डावा. पुन्हा उजवा.

"काय आहे?" मी विचारलं.

"उजव्यात चांगला पिकलाय मोतीबिंदू. डावा पाठोपाठ येतोय. भाऊ, तुम्ही पडद्याआडून कोडी सोडवताय की हो."

भाऊ एक्स-रेच्या टेबलावर बसले होते, पाय खाली सोडून, पेशंट बसतात तसे.

"अन डोकं?"

"डोकं मी थोडं तपासतो आत्ता, आणि गडचिरोलीला नीट तपासून घेऊ. पण ज्याचं डोकं सुटत चाललंय त्याला ऐकून अठराच्या अठरा शब्द येत नाहीत." त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. भाऊ तेवीसपर्यंत गेले होते, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, पुरे.

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला.

"म्हंजे पेपरवाले शाई कमी नोहते टाकत," ते म्हणाले. "मी दोन पत्रं लिहिली त्याईले."

सिस्टर दारात उभी होती. ती आधी हसली, मग पदर डोळ्याला लावून वॉर्डात निघून गेली. ड्रायव्हरला कळलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "तरी वाघ कसा दिसला म्हंतो मी याईले?" भाऊ म्हणाले, तो वाघ दोन वर्षांआधीचा होता आणि बारीक अक्षरात नव्हता.

गडचिरोलीला सगळं रीतसर झालं. डोक्याची तपासणी ठीक निघाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी, डाव्याचं पुढच्या महिन्यात. मधल्या दिवसांत एक्स-रे काढायला आठवड्यातून तीन दिवस दुसरा माणूस येई. तो कोडं सोडवत नसे. सिस्टर आणि मी दोघीच बसायचो. छापून काढायला कोणी नाही, म्हणून एकाच पेपरात डोकं घालून. नऊ शब्दांच्या पुढे आमची गाडी जात नव्हती.

दुसऱ्या ऑपरेशननंतर भाऊ रुजू झाले तो सोमवार होता. काळा चष्मा, डोक्यावर नेहमीपेक्षा कमी तेल. माझ्या खिडकीशी थांबले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचे केस पिकले की. मले कोनी सांगितलंच नाई."

"बसा गप्प. अर्जाचं काय करायचं?" मी खालचा खण उघडला. "साहेब दौऱ्यावरून आले नाहीत अजून."

ते कागदाकडे बघत राहिले. मग तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं आणि एक्स-रेच्या खोलीत गेले. मी दारातून बघितलं. पेटी लावली होती, तिच्यावर पेपर, पेपरावर तो अर्ज, आणि भाऊ लाल पेनाने घरं काढत होते. ती प्रत त्यांनी मला दिली. वहीत चिकटवलेली आहे.

अकरा वाजता सिस्टर आली आणि सवयीने पेपराला हात घातला. भाऊंनी पेपर मागे घेतला.

"आज मी वाचतो."

"सारे तुमीच वाचान काय?"

"सारे. तुम्ही अनल पेटवा. अन उदक आना आधी, घसा कोरडा पडन माझा."

त्यांनी वाचलं. एक आडवा ते सतरा उभा, एकही न थांबता, पेपर हातभर लांब धरून, वर्गात पहिल्या बाकावरचा मुलगा वाचतो तशा आवाजात. मध्येच खाली छापलेली बारीक ओळही वाचली, उत्तर उद्याच्या अंकात, तीही ऐकवली. औषध घ्यायला आलेली दोन माणसं खिडकीशी खोळंबली होती. मी त्यांना म्हटलं, थांबा दोन मिनिटं, आणि ती थांबली, ऐकत.

दुसऱ्या दिवशी उत्तर जुळवून पाहिलं आणि वही काढली. शेवटच्या पानावर एका नोंदीची जागा होती. वार, सोमवार. एकूण शब्द, एकवीस. चुकलेले, नाही. चुकीच्या जागी काय लिहिलं, रेघ. कोणी वाचलं, स्वतः.

औषधाचा साठा संपला की मी नोंदीखाली दोन रेघा मारते, साठा चालू असला की एक. इथे मारल्या नाहीत, एकच मारली.